गंधार हलतोय

गुरुवार. भोसरी एमआयडीसीची सुट्टी, म्हणून माझीही. दुरुस्तीसाठी वीज घालवायची तीही बहुधा याच वारी. सकाळी पंखा थांबला, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि हेडफोनमध्ये फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडायला लागलं. बॅटरीवर प्रोसेसर दमानं चालतो, बफर वेळेत भरत नाही. पॉवर सेटिंग बदललं, बफर 128 वरून 256 केला. 44,100 च्या रेटला 256 सॅम्पल म्हणजे 5.8 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेत दोन मीटर जातो. भजनात पखवाजवाला पेटीपासून साधारण तेवढ्याच अंतरावर बसतो आणि त्याची लय कुठे बिघडते? (प्रत्यक्षात उशीर थोडा जास्त होतो, पण हाताला जाणवत नाही.)

*

दहा मिनिटांनी वाजवायचा कीबोर्डच गायब. हेही बॅटरीमुळेच. वीज वाचवायला विंडोज यूएसबीला झोपवतं. डिव्हाइस मॅनेजर, यूएसबी रूट हब, पॉवर मॅनेजमेंट, तिथली खूण काढली.

*

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, निरोप जातो. 144, 61, 90: पहिल्या चॅनेलवर मधल्या सप्तकातली काळी एक दाबली, जोर 90. बस. 1983 पासून हेच चालत आलंय, सेकंदाला 31,250 बिट. म्हणून ‘वाजत नाही’ ही एक तक्रार नसते, दोन असतात. निरोप पोचला नाही, की पोचला पण बोलायला कोणी नव्हतं? ट्रॅकवरचा दिवा लुकलुकतो का ते आधी बघायचं. पॅनलमध्ये मोटर फिरत नसेल तर आधी मोटर उघडत नाही कोणी. कॉन्टॅक्टर ओढतोय का ते बघतात.

*

जुन्या पाच पिनांच्या मिडीत 5 मिलिअँपचा करंट लूप असतो आणि घेणाऱ्याच्या बाजूला ऑप्टोकप्लर. निरोप उजेडाच्या रूपात पलीकडे जातो, दोन्हीकडचं अर्थिंग एकमेकांना भिडत नाही. चाकणच्या प्लँटमध्ये 4 ते 20 मिलिअँपच्या लूपवर काम शिकलो तेव्हा अर्थिंगची ही काळजी रोज ऐकत होतो. ती वाद्यांच्या तारेतही कोणीतरी घेऊन ठेवलीय हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. यूएसबीत हा आडपडदा नाही. चार्जर लावला की स्पीकरमध्ये घूंऽऽ येतं.

*

आजचं खरं काम गंधाराचं.

शेजारच्या काकांची पेटी गंधार ट्यूनिंगची. पन्नासएक वर्षं भजनात वाजवतात. माझ्या कीबोर्डचा गंधार त्यांना चढा लागतो, आणि तो आहेच चढा. सा पासून 400 सेंटवर बसतो, स्वयंभू गंधार 386 वर. (ऑल इंडिया रेडिओने 1940 ला पेटी बंद केली, ती 1971 पर्यंत. त्यामागच्या आक्षेपांत पेटीच्या सुरांचा हा अडेलपणाही होता.) म्हणून लूपमिडी या प्रोग्रॅममध्ये एक आभासी पोर्ट केला, नाव दिलं ‘गंधार’. कीबोर्डचा निरोप आधी छोट्या स्क्रिप्टकडे, तिथून या पोर्टात, तिथून रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमला. सूर चढवणारा-उतरवणारा पिचबेंड अख्ख्या चॅनेलला लागतो, एकाच चॅनेलवर गंधार उतरवला तर साही उतरेल. म्हणून सा पहिल्या चॅनेलवर, गंधार दुसऱ्यावर. पिचबेंडचा मधला आकडा 8192, त्यातून 561 वजा, पाठवायचे 7631.

पहिल्यांदा गंधार पार कोमलाकडे घसरला. वाद्याची बेंडची मर्यादा दोन स्वरांऐवजी बारा होती. ती दोनवर आणली.

मग पोर्ट दिसेना. प्रोग्रॅम आधी उघडला होता आणि पोर्ट नंतर केला होता. यादी सुरू होतानाच वाचली जाते. बंद करून पुन्हा उघडला, दिसला.

सगळं वाजायला लागलं. दिवे हिरवे, पोर्ट जागेवर. काकांना बोलावलं. त्यांनी हेडफोन लावले, सा धरला, गंधार धरला आणि डोळे मिटले.

“गंधार हलतोय रे.”

“काका, आता बरोबर उतरवलाय.”

“उतरलाय. पण जोडीला अजून एक वाजतोय. दोन पेट्या लागल्यात तुझ्या.”

स्क्रीनवर मला एकच सूर दिसत होता. पण ट्रॅकचं इनपुट ‘ऑल इनपुट्स’वर होतं. एक गंधार स्क्रिप्टमधून येत होता आणि दुसरा कीबोर्डवरून थेट. माझ्या कीबोर्डचा ड्रायव्हर एकाच वेळी दोन प्रोग्रॅमना पोर्ट देतो. बऱ्याच जुन्यांचा देत नाही, तिथे दुसऱ्याला सरळ नकार येतो आणि चूक लगेच कळते. इथे दोघेही सुखाने वाजत होते. काळी एकला सा धरला की हे दोन गंधार 346.5 आणि 349.2 हर्ट्झ, सेकंदाला पावणेतीन लहरी. पेटीचे सूर लावणारा याच लहरी ऐकत ऐकत पत्ती घासतो. काकांनी आयुष्यभर त्याच ऐकल्यात.

इनपुट फक्त ‘गंधार’ ठेवलं. त्यांनी पुन्हा धरला. बराच वेळ सोडला नाही.

*

यूएसबीचं भोक बदललं की विंडोज कीबोर्डला नवी नोंद देऊ शकतं. कामावर पीएलसीच्या केबलचं असंच होतं, काल कॉम 3, आज कॉम 7, आणि इंजिनीअर अर्धा तास केबलला दोष देत बसतो. ‘शो हिडन डिव्हायसेस’मध्ये जुन्या मेलेल्या नोंदी सापडल्या, काढून टाकल्या. कीबोर्डच्या केबलला आणि डावीकडच्या भोकाला पिवळा टेप लावला.

*

ट्रॅकचं आउटपुटही चुकून ‘गंधार’लाच जोडलं. निरोप फिरून पुन्हा आत यायला लागला, एका सुराचे शंभर झाले आणि लूपमिडीने आपणहून पोर्टचं तोंड बंद केलं.

*

संध्याकाळी वीज आली. चार्जर लावला, स्पीकर लावले. घूंऽऽ. यूएसबी आयसोलेटर बुधवार पेठेत विचारायचा. काका रविवारी त्यांची पेटी घेऊन येतायत, मध्यम ऐकायचा राहिलाय.