टिकेल तेच घरी येतं

मस्कत, दोहा, कुवेत किंवा जेद्दाहून आलेलं विमान मुंबईला उतरलं की सामानाच्या पट्ट्यावर बॅगांच्या बरोबरीने खोकी फिरू लागतात. चिकटपट्टीचे वेढे दिलेली, वरून नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेली. खोक्यावर जाड मार्करने नाव आणि त्याखाली गाव : म्हसळा, श्रीवर्धन, खेड, दापोली. आखातात नोकरी करणारा कोकणी माणूस सुट्टीवर घरी निघालेला असतो.

खोक्यात काय असणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. खजूर तर हवाच. मग निडोच्या दूध पावडरचा मोठा डबा, टँग, चॉकलेटं, पिस्ते, केशर. हज किंवा उमरा करून परतणाऱ्याकडे मदिनेचा अजवा खजूर आणि झमझमचं पाणी. विमान कंपनी ठरावीक किलोच फुकट नेऊ देते, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री खोकं पुन्हापुन्हा काट्यावर चढतं आणि वजन भरलं की आधी स्वतःचे कपडे बाहेर निघतात. घरी खोकं सर्वांसमोर फुटतं आणि लगेच वाटे पडतात : शेजारी, बहिणीचं सासर, मोहल्ल्यातली म्हातारी माणसं. कुणाला मूठभर, कुणाला चारच खजूर. पण वगळलं कुणालाच जात नाही. हाच खजूर आज मुंबईत मोहम्मद अली रोडवर हवा तेवढा मिळतो. तरी खोक्यातल्या खजुराची वाट पाहिली जाते, कारण तो आपल्या माणसाने आपली आठवण ठेवून निवडलेला असतो.

मात्र या निवडीत दोन गोष्टींचा शब्द अखेरचा असतो : एक पदार्थाचा स्वभाव आणि दुसरा सरहद्दीचा कायदा.

खजुराचंच पाहा. अरबस्तानात त्याच्या पिकण्याचे टप्पे वेगवेगळ्या नावांनी ओळखले जातात. रुतब म्हणजे नुकता पिकलेला, मऊ, रसाळ खजूर. तो उन्हाळ्यात बाजारात येतो आणि फार दिवस टिकत नाही. तमर म्हणजे पुरता पिकून सुकलेला. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर आणि पाणी कमी, त्यामुळे बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला वावच मिळत नाही. वाळवंटातल्या काफिल्यांनी शतकानुशतकं तमर बरोबर नेला तो याच गुणामुळे. आज खोक्यातून येतो तोही तमरच.

ओमानी हलव्याचं तसंच. स्टार्च, साखर, तूप, केशर, वेलदोडा आणि गुलाबपाणी तांब्याच्या मोठ्या कढईत लांब दांड्याच्या उलथण्याने तासन्‌तास घोटतात. आपल्या कराची हलव्यासारखाच तो चकाकतो, पण त्याहून मऊ आणि ओलसर असतो. वाटीतून चमच्याने किंवा बोटाने उचलून खायचा आणि वर बिनदुधाचा कडवट कहवा प्यायचा. साखर आणि तुपाच्या जोरावर तो फ्रिजशिवायही बरेच दिवस राहतो, म्हणून मस्कतहून येणाऱ्याच्या सामानात त्याची जागा पक्की. भट्टीतून निघालेली गरम खुबूस रोटी किंवा थंडगार लबन, म्हणजे ताक, मात्र तिथेच राहतं.

कायद्याची चाळणी याहून बारीक. सुट्टी संपवून आखातात परतताना मसाल्याच्या पुड्यांबरोबर खसखस नेणं अनेक घरांत सहज घडू शकतं. पण संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. अमेरिकेत आपल्याकडचा तांदूळ प्रवाशाला सामानातून नेता येत नाही, कारण त्यातून साठवलेल्या धान्याला लागणारा खापरा किडा जाऊ शकतो. १९५३ मध्ये तो कॅलिफोर्नियात सापडला, तेव्हा गोदामंच्या गोदामं निर्जंतुक करावी लागली होती. डुकरांना होणारा आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०१८ मध्ये चीनमध्ये पसरला, तेव्हा शेजारच्या तैवानने सामानातून डुकराचं मांस आणणाऱ्या प्रवाशाला पहिल्याच खेपेला २ लाख तैवानी डॉलर दंड लावला. सॉसेजच्या एका पाकिटासाठी एवढा दंड जाचक वाटेल, पण त्या पाकिटातून रोग आला तर हजारो पशुपालकांचा संसार पणाला लागतो.

रोपांची आणि बियांचीही हीच गोष्ट. सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. दक्षिणेची सकाळ ज्या कॉफीने होते, तिचं मूळ असं सांगितलं जातं. पण १८६९ मध्ये शेजारच्या श्रीलंकेत कॉफीच्या पानांवर तांबेरा रोग दिसला आणि पुढच्या काही वर्षांत तिथले मळे उठले. मळेवाले चहाकडे वळले. रोप किंवा बी एका देशातून दुसऱ्या देशात जातं, तेव्हा रोगालाही वाट मिळू शकते. भारतात २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशातून बियाणं किंवा रोप परवान्याशिवाय आणता येत नाही, ते यासाठीच. हा नियम शेतकऱ्याच्या बाजूचा आहे.

मग ताजी चव घरी यायचीच नाही का? येते, पण हातांतून. येमेनची मंदी, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात निखाऱ्यांच्या धगीवर शिजवलेलं मांस आणि त्याखालचा भात, केरळात कुळिमंदी म्हणून रुजली आहे. मांस इथलं, खड्डाही इथलाच. आखाताशी वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यातून आली ती कृती. तिला ना वजनाची मर्यादा, ना जकातीचं बंधन.

तेव्हा परदेशातून निघताना वाळलेलं, भाजलेलं, कंपनीचं सील आणि घटकांची यादी असलेलं तेवढंच भरा. जिथे उतरणार त्या देशाचा नियम आधी वाचा. शंका असेल ती वस्तू अधिकाऱ्याला आपणहून दाखवा. आणि ताजं जे आहे ते तिथेच पोटभर खा, ते करणाऱ्याजवळ घटकाभर बसा आणि कृती विचारून घ्या.