एक ऑइल सील

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे. पाचगणीच्या शाळेत मराठी हा एक विषय, बाकी सगळं इंग्लिश. त्यामुळे सर 'मराठी विभागासाठी काहीतरी दे' म्हणाले तेव्हा मी हसलेच. पण ही गोष्ट घडली मराठीत, म्हणून चुका पोटात घाला आणि वाचा.

आमचं स्ट्रॉबेरीचं शेत भिलारजवळ आहे. वाट लाल मातीची आणि चढाची, म्हणून पप्पांकडे जुनी फोर-व्हील जीप आहे, महायुद्धातल्या विलीसच्या घराण्यातली. गेल्या दिवाळीत घरी गेले तर पुढच्या डाव्या चाकातून ऑइल गळत होतं. त्या ड्रममध्ये ऑइल गेल्यामुळे ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायची. तोडणी सुरू झाली की हीच जीप क्रेट घेऊन पसरणी घाट उतरणार, त्यामुळे काम तातडीचं होतं.

"घरात इंजिनियर आहे, जा मिस्त्रीच्या मदतीला," पप्पा म्हणाले. मी मेकॅनिकल, थर्ड इयर. ऐटीत गेले.

मिस्त्रीकाकांनी जॅक लावता लावता विचारलं, "पोरी, शाफ्ट भाईर काढला तर चाक पडंल का ऱ्हाईल?"

'फुल फ्लोटिंग अ‍ॅक्सल'ची व्याख्या मी ओरलला घडाघडा म्हटली होती. पण तिथे तोंडातून निघालं, "पडेल." काका काही बोलले नाहीत.

चाक उतरवलं. हबची टोपी, शाफ्टच्या टोकाचं सर्क्लिप, मग ड्राइव्ह फ्लँजचे बोल्ट. फ्लँज हातात आल्यावर काका थांबले. "आता ह्यो शाफ्ट कशालाच जोडलेला न्हाई. तरी चाक लावून गाडी ढकलत नेशील. गाडीचा भार बेअरिंगवर, बेअरिंग स्पिंडलवर. शाफ्ट नुसता पीळ देतो." दोन वर्षं पाठ केलेली व्याख्या मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

पुढे लॉक वॉशरचा दुमडलेला कान सरळ केला. बाहेरचा नट, वॉशर, आतला नट, मग हबसकट ड्रम. ब्रेकच्या प्लेटचे ६ बोल्ट काढून प्लेट तारेने वर बांधली, पाइपवर ताण नको म्हणून. स्पिंडल हलकेच ठोकून सोडवलं आणि मग शाफ्ट जॉइंटसकट बाहेर आला. त्याच्या मागे, हाउसिंगच्या तोंडाशी, आमचा आरोपी: ऑइल सील. त्याचा रबरी ओठ कडक झाला होता. डिफरन्शियलचं ऑइल त्यातून नकलमध्ये, तिथलं ग्रीस पातळ करून स्पिंडलमधून हबमध्ये आणि शेवटी ब्रेकवर.

नवीन सील बसवल्यावर काकांनी शाफ्ट माझ्या हातात दिला. "उचलून धर, सरळ सरकव. दातं सीलवर घासू दिऊ नको."

शाफ्ट जड होता. मनगट खाली गेलं. खर्र.

काका पाठमोरे बसून बेअरिंग धूत होते. मी सांगू शकले असते. पण दुसरं सील साताऱ्याहून आणावं लागलं असतं, आणि दिवसभर ते मला 'इंजिनियर' म्हणत होते. मी शाफ्ट आत ढकलला. नंतर आतला नट ड्रम जाम होईपर्यंत आवळून साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा असतो, तेही मीच केलं. काका म्हणाले, "ब्येस." ती शाबासकी मला अजून टोचते.

तीन आठवड्यांनी, ऐन सबमिशनच्या धावपळीत, हॉस्टेलवर पप्पांचा फोन. "मिस्त्रीनं काम कच्चं केलं. घाटात ब्रेक मारला तर गाडी उजवीकडे गेली, समोरून एसटी येत होती. थोडक्यात वाचलो." ते काकांना गॅरेजमध्ये चार लोकांसमोर बोलून आले होते. काकांनी गुमान सगळं परत खोललं, पदरचं सील टाकलं, पैसे घेतले नाहीत.

मी तिथेच सगळं सांगितलं. पप्पा बराच वेळ गप्प. मग एवढंच, "मला नको. त्यांना सांग."

काकांना फोन लावला. ते म्हणाले, "ठावं हाय. सील काढलं तवाच दिसलं, ओठ कापलेला."

"मग पप्पांना का नाही सांगितलंत?"

"शाफ्ट तुझ्या हातात मीच दिलता न्हवं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, इंग्लिशमध्येसुद्धा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आधी पप्पा आणि मी दोघं गॅरेजवर गेलो. काकांनी सीलचे पैसे घेतले, मजुरीचे नाही. मग उजव्या बाजूचा शाफ्ट काढला. बसवताना काकांनी तो पुन्हा माझ्याच हातात दिला. या वेळीही मनगट जरा खाली गेलं आणि बारीकसा आवाज झाला.

"काका, घासलं."

त्यांनी शाफ्ट बाहेर घेतला, सीलच्या ओठावरून बोट फिरवलं. काही झालं नव्हतं.

"घाल परत," म्हणाले, आणि बेअरिंग धुवायला पाठमोरे बसले.