मेण लावण्यापूर्वी

अण्णा गेल्यावर त्यांची लाल रंगाची जुनी गाडी दोन पावसाळे अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी होती. विकायचे कुणाच्या मनात नव्हते आणि चालवायचेही कुणाच्या मनात नव्हते. मागील वर्षी त्यांच्या स्मृतिदिनाच्या आधी आम्हांला एकाएकी वाटले, की गाडी निदान चकचकीत तरी असावी. बाजारातून मेणाची डबी आणली, बादलीभर पाणी ओतून वरवरची धूळ घालवली आणि भर अकरा वाजता उन्हात उभे राहून टपापासून बॉनेटपर्यंत मेण चोपडले. संध्याकाळी गाडी खरोखर चमकत होती. आम्ही तिची छायाचित्रेही काढली.

चार दिवसांनी तिच्याकडे पाहिले, तेव्हा बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा उमटलेल्या दिसल्या. पक्ष्यांच्या विष्ठेचे जुने डाग मेणाखाली जसेच्या तसे होते. उलट आता ते काचेआड ठेवलेल्या वस्तूंसारखे स्पष्ट दिसत होते. जालना रस्त्यालगत एका गल्लीत डेंटिंग-पेंटिंगचे छोटे गॅरेज आहे. तिथल्या वयस्क कारागिराला सारे चाचा म्हणतात. त्यांनी बॉनेटवरून उलटा हात फिरवला आणि विचारले, "सर, धुतली कधी होती?"

"मेण लावायच्या आधी."

"धुतली नाही. भिजवली."

हे शहर गाड्यांचे आहे. वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना आहे, 2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. आणि 2010 च्या ऑक्टोबरात इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दमात सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी या शहराचे नाव छापले होते. त्याच शहराने नळाच्या पाण्याची आठ-आठ, दहा-दहा दिवस वाट पाहिलेली आहे. त्यामुळे गाडी धुणे ही इथे थोडी अपराधी भावनेने करायची गोष्ट आहे, आणि मगभर पाण्यात काम उरकण्याची सवय आम्हांला घरातूनच लागलेली. चाचांचे म्हणणे असे, की पाणी थोडे असले तरी चालते. मात्र ते दोन बादल्यांत असले पाहिजे. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. प्रत्येक वेळी कापड आधी साध्या पाण्यात खळबळून काढायचे, म्हणजे वाळूचे कण तळाशी बसतात. एकाच बादलीत बुडवलेले कापड गाडीवरची वाळू पुन्हा गाडीवरच घासते. आमच्या बॉनेटवरची कोळ्याची जाळी तशीच विणली गेली होती. बोअरचे जड पाणी उन्हात वाळले, की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. म्हणून काम सावलीत, पत्रा थंड असताना करायचे आणि पाणी अंगावर वाळू द्यायचे नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही त्यांच्या हाताखाली उमेदवारी केली. आधी आमचेच मेण उतरवावे लागले. मग धुणे, वरून खाली. कारण सर्वांत जास्त माती खाली असते. मग डांबराचे थेंब विरघळवणे. मग चाचांनी पातळ प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळायला सांगून स्वच्छ दिसणाऱ्या दारावरून हात फिरवायला लावला. उघड्या बोटांना जे गुळगुळीत वाटले होते, ते पिशवीतून खरखरीत लागले. ब्रेक घासले जाताना उडणारा लोखंडाचा चुरा, झाडाचा डिंक, कारखान्यांतून उडणारी बारीक राख असे कितीतरी रंगात रुतून बसते. साबण त्याला हलवू शकत नाही. त्यासाठी चिकणमातीसारखी मऊ वडी मिळते. साबणाच्या पाण्याने पत्रा बुळबुळीत करून ती हलक्या हाताने फिरवायची, की ती रुतलेले कण उपटून स्वतःत घेते. वडी मळली की दुमडून नवी बाजू काढायची. जमिनीवर पडली, तर मोह न धरता फेकून द्यायची.

त्यानंतर पॉलिश. जुन्या एकपदरी रंगावर पॉलिशचे कापड फिरवले, की कापड रंगते. उन्हाने मेलेला वरचा थर निघतो. आमचे पांढरे कापड लाल झाले, तेव्हा आम्ही घाबरलो. गाडीवरचा सगळा रंग मिळून शंभर-दीडशे मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम दीड-दोन पट असतो. आणि प्रत्येक वेळी त्यातलाच थोडा जातो. कडा आणि उंचवट्यांवर तर तो आणखी पातळ असतो, तिथे जोर लावायचा नाही. डाव्या दारावर एक खोल ओरखडा होता. आम्ही त्याच्यावर पुन्हा पुन्हा कापड चालवू लागलो, तेव्हा चाचांनी हात धरला. "हा राहू द्या. काढायला गेलात तर पत्रा दिसेल."

या सगळ्यात आम्हांला सर्वांत जास्त शिकवून गेली ती एक छोटीशी पायरी. पॉलिशमध्ये तेले असतात. ती बारीक रेघांत भरतात आणि रेघा गेल्या असे वाटते. म्हणून मेणाआधी स्पिरिट मिसळलेल्या पाण्याने ती तेले पुसून टाकायची आणि प्रकाश तिरपा धरून पाहायचे. रेघा खरोखर गेल्या असतील, तर पृष्ठभाग तसाच राहतो. नुसत्या बुजल्या असतील, तर परत दिसू लागतात. मेण त्यानंतर, आणि तेही अगदी पातळ. चांगले कार्नौबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येते, आणि ते लावायला सगळा मिळून अर्धा तास लागला. त्याआधी दोन दिवस गेले होते.

हे लिहिताना अजिंठा आठवणे अपरिहार्य आहे. शंभरेक किलोमीटरवर असलेल्या त्या लेण्यांत चित्रकारांनी आधी खडबडीत दगडावर माती, साळीचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा चढवला, तो गुळगुळीत केला, त्यावर पांढरा पातळ थर दिला आणि मगच रेषा काढली. पुढे एकोणिसाव्या शतकात प्रतिकृती करणाऱ्यांनी चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश लावले. 1920 नंतर निजाम सरकारने लॉरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, त्यामुळे बरेच काही वाचले, हे मान्य करायलाच हवे. मात्र त्यांनी चित्रांवर लाखेचे व्हार्निशही दिले. धूळ, काजळी आणि वटवाघळांची घाण त्या चकाकीखाली अडकली. लाख स्वतः पिवळी पडत गेली. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते थर अनेक वर्षे, बोटभर जागा करत, उतरवावे लागले. ज्यांनी लावले त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना चित्रे वाचवायचीच होती.

आमचा हेतूही वाईट नव्हता, आणि इथे गाडीचा विषय आम्हांला सोडावा लागतो. अण्णा मुख्याध्यापक होते. त्यांच्या संस्थेने स्मृतिग्रंथ काढायचे ठरवले आणि मुलगा मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मुख्य लेख ओघानेच आमच्याकडे आला. आम्ही तो दोन बैठकांत लिहिला. शिस्त, साधेपणा, विद्यार्थ्यांवरची माया, कुणापुढे न झुकणारा कणा, सगळे आले. लेख चमकत होता. छापायला देण्याआधी ताईला पाठवला. तिचे उत्तर एका ओळीचे होते : "छान लिहिलंयस. पण हे कोण?"

ताईला दहावीला आमच्यापेक्षा कितीतरी जास्त गुण होते. 1986 साली तिला पुढे शिकायला पुण्याला जायचे होते. अण्णांनी नाही म्हटले. दोन वर्षांत तिचे लग्न झाले. गावातल्या कित्येक मुलींच्या घरी जाऊन त्यांच्या वडिलांना शिक्षणाचे महत्त्व पटवणारा माणूस तो हाच. आमच्या लेखात त्या मुली होत्या. ताई नव्हती. आम्ही ते लपवले होते असे म्हणता येणार नाही. आम्हांला ते आठवलेच नव्हते, आणि ही त्याहून वाईट गोष्ट आहे.

मराठीत गौरवग्रंथ, स्मृतिग्रंथ, षष्ट्यब्दीचे विशेषांक यांची वाण नाही. आपण शिक्षक मंडळी त्यांत हौसेने लिहितो आणि पुढे संशोधनाला साधने मिळत नाहीत म्हणून तक्रारही करतो. वास्तविक दुसरी रीतही आपल्याच जिल्ह्यातली आहे. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या तीनशे वर्षांत त्या ग्रंथात अपपाठ शिरले होते. नाथांनी ते दूर केले. स्वतः एवढे मोठे कवी असूनही त्यांनी पदरची भर घातली नाही, आणि इतरांनीही घालू नये असे बजावले. ज्याच्यावर परम भक्ती, त्याच्या ग्रंथाची सेवा त्यांनी झाडून-पुसून केली. वर्गात हा प्रसंग आम्ही वीस वर्षे शिकवत आलो आहोत.

आम्ही ताईकडे गेलो. लेख पुन्हा लिहायचा आहे, तू सांग, असे म्हटले. तिने पुण्याचे सगळे सांगितले. आवाज न चढवता, तारखांसकट. मग चहा ठेवता ठेवता म्हणाली, "लग्नानंतर मी बाहेरून बी. ए. ला बसले, तेव्हा अण्णा दर महिन्याला एस. टी. ने यायचे. पुस्तकांना खाकी कव्हरं घालून आणायचे. माझं चुकलं, असं एकदाही म्हणाले नाहीत. नुसते कव्हरं घालायचे. तेही लिही."

हे आम्हांला ठाऊक नव्हते. आमच्या पहिल्या लेखातल्या कुठल्याही विशेषणाखाली हा माणूस सापडला नसता. 1986 ची गोष्ट टाळली असती, तर खाकी कव्हरांना काही अर्थच उरला नसता.

नवा लेख आधीच्या निम्मा झाला आहे. स्मृतिग्रंथाच्या संपादकांनी तो वाचून, पुण्याचा परिच्छेद वगळता येईल का, अशी पृच्छा अत्यंत सौजन्याने केली. वगळायचा असेल तर लेखच वगळावा, असे आम्ही कळवले आहे. त्यांचे उत्तर यायचे आहे.

गाडी आम्ही अधूनमधून चालवतो. मेण दोन-तीन महिन्यांत उतरते, पुन्हा लावावे लागते. चाचा म्हणतात ते खरे आहे, की एकदा नीट धुतलेल्या गाडीला पुढच्या वेळी कष्ट कमी पडतात. डाव्या दारावरचा ओरखडा तसाच आहे. ताई त्या बाजूने बसते.