लिंक कोणी दिली?

2020 च्या 6 एप्रिलला कोरोनामुळे कुवेत सरकारने जलीब अल-शुयुख आणि महबुला हे दोन भाग बंद केले. आम्ही जलीबमधल्या अब्बासियात राहायचो. रस्त्यांच्या तोंडाशी अडथळे आणि पोलीस. बाहेरचा माणूस आत येणं अशक्य. नेमक्या त्याच दिवसांत एक अनोळखी मुलगा आमच्या घरात येऊन गेला.

मुलाचं सातवीचं वर्ष झूमवर ऑनलाइन सुरू झालं होतं. घरात खोल्या दोन, म्हणून त्याची शाळा जेवणाच्या टेबलावर आणि माझ्या पोळ्या शेजारच्या ओट्यावर. एका सकाळी गणिताच्या तासाला अचानक घाणेरड्या शिव्या ऐकू आल्या. मी लाटणं टाकून धावले. पडद्यावर मुलांचे चौकोन, आणि आवाज नक्की कुठून येतोय ते मॅमना सापडेना. शेवटी रडवेल्या होऊन त्यांनी तासच बंद केला.

दुपारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅमचा उद्धार सुरू झाला. ‘साधं म्यूट करता येत नाही, आणि फी मात्र पूर्ण!’ त्या मेसेजला मीही अंगठा दिला.

तीन दिवस मुलगा नीट जेवला नाही. चौथ्या रात्री म्हणाला, “आई, लिंक मी दिली होती.”

“कोणाला?”

“गेममधल्या मित्राला. त्याला आमचा क्लास बघायचा होता.”

“नाव काय त्याचं?”

त्याने गेममधलं टोपणनाव सांगितलं.

“राहतो कुठे?”

“माहीत नाही.”

झूमने एप्रिलच्या सुरुवातीलाच मीटिंगला पासवर्ड लावून टाकला होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पण तो पासवर्ड लिंकमध्येच दडलेला असतो. लिंक पुढे पाठवली, की कुलपाबरोबर किल्लीही गेली.

नवऱ्याला पहिल्यांदा आठवला तो इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहण्याचा परवाना. तिथे सायबर गुन्ह्यांसाठी 2015 चा 63 क्रमांकाचा कायदा आहे. परक्या देशात पोलिसांचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. “चॅट डिलीट कर आणि गप्प बसा,” ते म्हणाले. खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. पण मॅमच्या नावावर मारलेला तो अंगठा टोचत होता.

रात्री अकराला आम्ही तिघांनी मिळून शाळेला मेल लिहिली. टोपणनाव आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. दुसऱ्या दिवसापासून ‘वेटिंग रूम’ सुरू झाली: मॅम यादीशी नाव ताडून एकेकाला आत घेऊ लागल्या. मुलाला ताकीद मिळाली. त्याने मॅमची माफी मागितली, आणि मी ग्रुपवर लिहिलं की लिंक आमच्या घरातून गेली होती. त्यानंतर ग्रुप दोन दिवस गप्प होता.

“तीन दिवस का नाही बोललास?” असं मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, “बाबा फोन काढून घेतील म्हणून.” फोन काढून घेऊ, ही आमची रोजचीच धमकी होती. ती आम्ही त्या दिवशी बंद केली. तुमच्या घरी चालू असेल, तर तुम्हीही करा.