सासूबाईंचा एसजीपीटी



गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना दोन आठवडे अन्न जात नव्हतं, म्हणून रक्त तपासलं. एसजीपीटी १८६, एसजीओटी १४२. शेजारी छापलेलं, ४० पर्यंत. यवतच्या आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी एकच, "रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असेल." दारू नाही, मांसाहार नाही, चौविहार पाळणारं घर. लिव्हर बिघडेलच कसं? नणंद फोनवर म्हणाली, "बाहेर सांगू नका हं, लोक भलतंच समजतील." खोटं कशाला बोलू, मलाही तीच लाज वाटत होती.

डॉक्टरांनी आधी आमचा हा समज काढला. लिव्हरमध्ये चरबी साठायला दारू लागत नाही; वजन, साखर, तळण, गोडधोड पुरतं. कावीळही आहेच. मग त्यांनी आकडे समजावले, ते मी आमच्या किराणा दुकानाच्या हिशोबाने लक्षात ठेवलेत. ही एन्झाइम्स लिव्हरच्या पेशींच्या आत असतात. पेशीला इजा झाली की रक्तात सांडतात. पोत्याखाली दाणे दिसले तर पोतं फाटलं हे कळतं. उंदराने कुरतडलं की हमालाचा आकडा लागला, हे दाण्यांवरून कळत नाही. आणि जमीन स्वच्छ आहे म्हणजे आतला माल चांगलाच, असंही नाही. चरबी असूनही आकडे नॉर्मल येऊ शकतात.

त्यातही एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचं. एसजीओटी स्नायूंत आणि हृदयातही असतं, त्यामुळे खूप अंगमेहनतीनंतरही वाढतं. लिव्हर काम किती करतंय ते अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ यांवरून समजतं. सासूबाईंचं ते दोन्ही ठीक होतं.

(बिलिरुबिनची गंमत वेगळी. माझ्या जावेचे अठाईत डोळे पिवळसर दिसले होते, पण बाकी सगळं नॉर्मल. काहींना जन्मजात गिल्बर्ट नावाचा प्रकार असतो, त्यांचं बिलिरुबिन उपाशी राहिलं की वाढतं. त्रास काही नसतो. पण हे तपासून ठरवायचं, घरी नाही.)

"औषधं कोणती चालू आहेत?" सासूबाई म्हणाल्या, "बीपीची एक गोळी." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "काढा, चूर्ण, काही?" त्या गप्प. मीही क्षणभर गप्प. कारण २०२० पासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा मीच उकळून देत होते. परसातल्या कडुनिंबावर चढलेली वेल, घरचीच. त्याला औषध कोण म्हणतं? मी सांगितलं तेव्हा माझा आवाज बारीक झाला होता.

२०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती हे तपासलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही असतात, हे मला तेव्हाच कळलं. आमची वेल कोणती, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

काढा बंद. कावीळ बी आणि सी नाही. सोनोग्राफीत थोडी चरबी. तळण आठवड्यातून एकदाच, भात कमी, संध्याकाळी जेवण आवरून सूर्य मावळायच्या आत मंदिरापर्यंत चालणं. सहा आठवड्यांनी एसजीपीटी ६१, तीन महिन्यांनी ३४.

दोष काढ्याचा की चरबीचा? डॉक्टर म्हणाले, एकाच वेळी दोन्ही बदललंत, आता खात्रीने सांगता येणार नाही. पण काढा पुन्हा सुरू करून बघायचा नाही. सासूबाईंना अजून पटत नाही. "इतकी वर्षं प्यायले, तेव्हा काही झालं नाही," म्हणतात. मी वाद घालत नाही. फक्त आता त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी स्वतः लिहून ठेवलंय, बीपीच्या गोळीखाली: गुळवेल काढा, रोज एक कप, २०२० पासून, आता बंद.

वेल अजून कडुनिंबावर आहे. तोडायचा विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "तिने तुझं काय बिघडवलंय?" पुढची तपासणी दिवाळीनंतर.