नाही म्हणण्याचा पगार

आमच्या धाकट्याची नोकरी कसली, हे आमच्या आईला अजून धड सांगता येत नाही. तो बोटीवर होता तोवर ठीक होते. "बोटीवर इंजिनिअर आहे" म्हटले की हर्णै बंदरात कुणी पुढे विचारीत नसे. पण 2014 साली त्याने बोट सोडली आणि इंग्लंडात जाऊन समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचे काम धरले. समुद्रात पवनचक्क्या म्हटले की ऐकणारी बाई आधी हसते आणि मग विचारते, "पाण्यात कशाला? जमीन संपली काय त्यांची?" तेव्हा आईने एक सुटसुटीत उत्तर शोधून ठेवले आहे. ती म्हणते, "तो वाऱ्याच्या खात्यात आहे."

खरे सांगायचे तर मलाही याहून अधिक कळत नव्हते. मी शाळामास्तरीण. देवगडच्या पठारावरच्या पवनचक्क्या सहलीच्या पोरांना दाखवायच्या आणि खाऊचे डबे उघडायला सांगायचे, एवढाच माझा या विषयाशी संबंध. पण 2022 च्या मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्याने मला तीन आठवडे आपल्याकडे नेले, आणि हे खाते कसे चालते ते मी थोडेफार पाहून आले.

तो राहतो त्या गावाचे नाव ग्रिम्सबी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे हे एके काळचे फार मोठे मासळीचे बंदर. आइसलंडने आपल्या समुद्राची हद्द वाढवीत नेली, त्यावरून दोन्ही देशांत वर्षानुवर्षे भांडण झाले, आणि 1976 साली ते मिटले तेव्हा इथल्या बोटींना लांबचे पाणी बंद झाले होते. बंदर ओस पडले. आता त्याच धक्क्यावरून पवनचक्क्यांची माणसे ये-जा करतात. त्या धक्क्यावर उभी राहिले आणि मला आपले उगीचच हर्णैच्या लिलावाचा गलबला ऐकू येऊ लागला. वास मात्र तिथे डिझेलचा.

धाकट्याच्या कंपनीचे नाव इथे लिहीत नाही. त्याला ते आवडणार नाही, आणि माझेही त्यावाचून काही अडत नाही. पण त्या किनाऱ्यासमोर काय चालले आहे ते सांगायला हवे. समुद्रातल्या पवनचक्क्यांचा पहिला मळा डेन्मार्कमध्ये विंडेबी येथे 1991 साली झाला. त्यात अकरा चक्क्या, आणि साऱ्या मिळून पाच मेगावॉटच्या आसपास वीज. 2017 साली तो मोडीत काढला. त्यानंतर डॉगर बँक नावाच्या उथळ समुद्रात ज्या चक्क्या उभ्या राहू लागल्या, त्यांतली एकेकटी तेरा मेगावॉटची! तिचे एक पाते एकशेसात मीटर लांब. आमच्या शाळेची इमारत त्या पात्यापुढे दुपारच्या डब्याएवढी दिसेल. हॉर्नसी नावाचा पहिला मळा किनाऱ्यापासून एकशेवीस किलोमीटर आत आहे आणि त्यात एकशे चौऱ्याहत्तर चक्क्या आहेत.

बोटीवरच्या इंजिनिअराचे तिथे काय काम, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "ताई, बोटीवर नऊ वर्षं होतो, पण समुद्र मी पाहिलाच नाही. खाली इंजिनाच्या खोलीत चाळीस-पंचेचाळीस अंशांची धग, कानांत बोळे आणि अंगभर तेल. वर वादळ आहे की चांदणं, ते पायांखालच्या लाद्यांवरून ओळखायचं." त्याच्या मुलीचे बारसे त्याने सिंगापूरच्या बंदरातून फोनवर ऐकले. फोन मध्येच तुटला आणि नाव काय ठेवले ते त्याला दुसऱ्या दिवशी कळले. तेव्हाच त्याने बोट सोडायचे ठरविले असावे. पण इंजिनाच्या खोलीत शिकलेले काही वाया गेले नाही. चक्कीच्या माथ्यावरही जनित्र, तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे, पंखे, झडपा हेच असते. आणि ते बिघडले तर दुकानातून सुटा भाग आणायला कुणाला धाडता येत नाही, हेही बोटीसारखेच.

चक्की उभारतात कशी, ते त्याने मला जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि काट्या-चमच्यांनी समजावून दिले. आधी आगगाडी आत शिरेल एवढी जाड पोलादी नळी समुद्राच्या तळात ठोकून बसवायची. त्या ठोक्यांचा आवाज पाण्यात दूरवर जातो आणि तिथल्या शिशुकांना सोसत नाही. म्हणून नळीभोवती तळाशी भोकांची पाइप अंथरून तीतून हवा सोडतात, आणि वर येणाऱ्या बुडबुड्यांचा पडदाच आवाज अडवतो. मग येते ती पाय असलेली बोट. होय, पाय! जागेवर पोहोचली की ती आपले उंच पोलादी पाय तळापर्यंत सोडते आणि त्यांवर स्वतःला पाण्याबाहेर उचलून घेते. लाटा खालून जातात, बोट टेबलासारखी स्थिर. मग तिच्यावरच्या यारीने खांब आणि पाती चढवायची.

गंमत पुढेच आहे. पाते उचलायचे तर वारा पडलेला हवा. एवढे मोठे पाते यारीला लोंबत असताना वारा सुटला तर ते पतंगासारखे फिरते. म्हणजे जिथे वारा सर्वांत जास्त, ती जागा शोधून काढायची, आणि तिथे जाऊन वारा पडण्याची वाट पाहत बसायचे. त्या बोटीचे एका दिवसाचे भाडे आपल्या रुपयांत कोटींच्या घरात जाते. बसली तरी भाडे चालूच.

मुलीला शिकवावे तसे हे सांगताना धाकटा हसत होता. पण पहाटे मी पाहिलेला धाकटा निराळा होता.

मे अखेरीस तिथे पावणेपाचलाच सूर्य उगवतो. मला झोप येईना म्हणून मी खाली आले, तर हा स्वयंपाकघरात उभा. चहा गार झालेला आणि डोळे संगणकावर. माणसांना चक्कीवर नेणारी लहान बोट आपले रबर लावलेले नाक चक्कीच्या शिडीला दाबून धरते, आणि माणसाने नेमक्या क्षणी पाऊल उचलून शिडी धरायची. लाटेने नाक उचलले तर पाय मध्ये सापडतो. म्हणून हद्द ठरलेली, लाट दीड मीटर. "पण हा दीड मीटर फसवा असतो," तो म्हणाला. "सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ही सरासरी. त्यातली एखादी दुपटीच्या जवळ येते." गणिताच्या तासाला सरासरी शिकविताना असले उदाहरण मला कधी सुचले नव्हते.

त्या सकाळी आकडा एक पूर्णांक सहा दशांश होता. त्याने फोन लावला आणि म्हणाला, "आज नाही." पलीकडून कुणीतरी मोठ्याने बोलू लागले. ते मला टेबलापलीकडे ऐकू येत होते. धाकट्याने शांतपणे ऐकून घेतले, पुन्हा "आज नाही" म्हणाला आणि फोन ठेवून ते नोंदवहीत लिहिले. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आईला फोनवर मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे नाही म्हणण्याचा पगार देतात त्याला?"

मला हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. मला दुसरी पहाट आठवत होती.

1988 सालची गोष्ट. मी चौथीत होते, धाकटा पाच वर्षांचा. बाबा तांडेल. नारळी पौर्णिमा होऊन काही दिवस झाले होते आणि होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या होत्या. त्या पहाटे बाबा बंदरावरून परत आले आणि ओट्यावर बसून राहिले. "आज नको," एवढेच म्हणाले. पण घरात व्यापाऱ्याची उचल होती. तो स्वतः आला आणि ओट्याखाली उभा राहून चार माणसांदेखत म्हणाला, "तांडेल, भ्यालात?" बाबा उठले. संध्याकाळी होडी आली, पण शेजारचा सतरा वर्षांचा पोरगा आला नाही. त्या घरी बाबा एकटेच सांगायला गेले होते. पुढे वीस वर्षे ते समुद्रावर जात राहिले. त्या दिवसाबद्दल मात्र आमच्या घरात कधी कुणी बोलले नाही. धाकट्याला तर काही आठवतही नाही.

त्या वर्षी धाकटा दिवाळीला घरी आला. संध्याकाळी कंदील लागला होता, आई आत चकल्या तळीत होती, आणि तो ओट्यावर बाबांना आपल्या खात्याच्या गमती सांगत होता. सरकारने आपल्याकडेही खंभातच्या आणि मन्नारच्या आखातात असे मळे लावायचे मनावर घेतले आहे, मग आपण इकडेच येऊ, वगैरे. (2024 च्या जूनमध्ये त्यासाठी पैसेही मंजूर झाले, धाकटा अजून तिकडेच आहे.) बोटीला पाय असतात हे ऐकून बाबांनी माझ्याकडे पाहिले. पोरगा थापा मारतो आहे की काय, अशी ती नजर होती. मग ओघाने त्या तीन दिवसांची गोष्ट निघाली. मी सुपारी कातरायची थांबले.

"बोट परत फिरवलीस?" बाबांनी विचारले.

"फिरवली कसली, सोडलीच नाही."

"आणि तो ओरडणारा?"

"ओरडला. ओरडेना का. कागदावर लिहिलेलं आहे बाबा, दीड मीटरच्या वर नाही म्हणजे नाही."

"चौथ्या दिवशी कामावर ठेवलं तुला?"

"ठेवलं की!" धाकटा हसला.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दाराशी गेले. आमच्या लहानपणी दर दिवाळीला आमची उंची मोजून कोळशाने खुणा करीत, ती ही चौकट. रंगाखाली त्या खुणा केव्हाच गेल्या. त्यांनी चौकटीवर तळहात आडवा धरला.

"दीड मीटर म्हणजे इथवर?"

"साधारण तेवढीच," धाकटा म्हणाला.

बाबांनी हात तसाच ठेवला. मग तो सरकवीत सरकवीत वर नेला, चौकट संपेपर्यंत.

"त्या दिवशी एवढी होती," ते म्हणाले.

"कुठल्या दिवशी?" धाकट्याने विचारले. आत तेलाचा चुरचुर आवाज येत होता. आईने स्टोव्ह बंद केला आणि ती पदराला हात पुशीत दारात येऊन उभी राहिली. बाबा पुन्हा ओट्यावर बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.