अठरा पायऱ्या

गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे पाहिले, रक्ताचा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "सर, व्यायाम सुरू करा."

मला हसूच आले. व्यायाम कर, असे मला आयुष्यात कोणी सांगितले नव्हते. दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला, डावा पाय काडीसारखा राहिला आणि या विषयात मला जन्माची माफी मिळाली. शाळेत पी.टी.च्या तासाला मुले उन्हात कवायत करीत आणि मी झाडाखाली बसून त्यांची दप्तरे राखी. खरे सांगायचे तर, त्या माफीचा मी मनमुराद उपभोगही घेतला.

आमच्या शिक्रापुरात आता व्यायामशाळांना तोटा नाही. पुणे-नगर रस्त्याला जिथे चाकणचा रस्ता मिळतो, तिथल्या दुकानांच्या माथ्यावर त्यांच्या पाट्या झळकतात. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांतली पोरे पाळी सुटली की दंड फुगवायला तिथे जातात. दुकानांच्या माथ्यावर, कारण तळमजल्याचे भाडे परवडत नाही. मी गेलो तिथे अठरा लोखंडी पायऱ्या होत्या. कठडा एकाच बाजूला, आणि तोही ज्या हातात काठी त्याच बाजूला. वर पोचलो तेव्हा माझा त्या दिवसाचा व्यायाम झालेलाच होता!

चालक माझाच जुना विद्यार्थी निघाला. धावत आला, खुर्ची दिली, पाणी दिले. म्हणाला, "सर, तुम्ही कशाला त्रास घेतलात? काम होतं तर फोन करायचा."

मी व्यायामाला आलो असेन, हे त्या भल्या मुलाच्या मनातसुद्धा आले नाही. मीही मुकाट्याने पाणी प्यालो, इकडचे तिकडचे बोललो आणि अठरा पायऱ्या उतरून घरी आलो. अठरा पायऱ्या मी कशाबशा चढलो होतो. त्या 'कशाला'ची पायरी मात्र चढवेना.

त्या रात्री मुरलीकांत पेटकरांची आठवण झाली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा गडी सैन्यात मुष्टियोद्धा होता. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून तो कमरेखाली पंगू झाला. उपचार म्हणून त्याला पाण्यात उतरवले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहून त्याने सुवर्णपदक आणले. २०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांची जिद्द आपण सगळेच गातो. पण त्यांना कोणीतरी तलावापर्यंत नेले, 'कशाला' म्हटले नाही, ही गोष्ट आपण विसरतो.

आता मी त्या पोरावर रागवावे, तर दुसरीच आठवण आडवी आली. आमच्या महाविद्यालयात व्यायामशाळा बांधली, तेव्हा समितीत मी होतो. उद्‌घाटनाला आरोग्यावर वीस मिनिटे बोललोही मीच. दाराशी तीन पायऱ्या होत्या. शिपायाच्या खांद्यावर हात ठेवून मी त्या चढलो होतो. आणि तीनचाकी सायकलवरचा एक विद्यार्थी बाहेर अंगणात थांबून माझे भाषण ऐकत होता. टाळ्याही वाजवत होता. समारंभ संपल्यावर मी त्याच्या पाठीवर हात ठेवून, "कसं काय, बरं आहे ना?" असे विचारले आणि चहाला गेलो. २०१६चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा वर्तमानपत्रात मी वाचला होता. पण त्या दिवशी मला तीन पायऱ्या दिसल्या नाहीत. ज्याचा स्वतःचा पाय अधू, त्याला दिसल्या नाहीत; मग धडधाकट माणसाला काय बोल लावायचा?

खर्च तरी कितीसा? एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार, दोन्ही बाजूंना कठडा, चाकाची खुर्ची शिरेल एवढे रुंद दार आणि आत ती वळवायला जागा. दंडाचा व्यायाम बाकावर बसूनही होतो.

या पावसाळ्यात मी तसा अर्ज दिला. कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "पण सर, व्यायामाला असे येणारे आहेत किती?"

"आज एकही नाही," मी म्हणालो, "पायऱ्या आहेत ना!"

ते हसले आणि अर्ज फायलीत गेला. तो विद्यार्थी केव्हाच पदवी घेऊन गेला. आता दर सोमवारी मी त्या फायलीची चौकशी करायला कार्यालयात जातो. कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे. तूर्त माझा व्यायाम तोच.